पुराने मका नेला, पण जूनमध्ये मारलेलं तणनाशक?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. तुम्ही भांडुपला राहता, नोकरी मुंबईत. शेती गोदाकाठी, निफाड तालुक्यात, आणि ती अण्णा बघतात. २८ जूनला ३ एकर मका पेरला. दुसऱ्या दिवशी तिन्ही एकरांवर ॲट्राझिन ५० टक्के हे तणनाशक, एकरी ८०० ग्रॅम मारलं. खालच्या २ एकरांत तरीही गवत उठलं म्हणून १८ जुलैला तेवढ्यातच टेम्बोट्रियोन हे दुसरं तणनाशक, एकरी ११५ मिली. ३० जुलैला नदीचं पाणी चढलं. खालचे २ एकर ३ दिवस बुडून राहिले. वरच्या एकरातून पाणी एका रात्रीत उतरलं. आता अण्णा म्हणतात खालच्या रानात रांगडा, म्हणजे सप्टेंबरअखेर लावायचा कांदा लावू, रोप टाकलेलंच आहे. शेजारी म्हणतो सोयाबीन टाका. दुकानदार म्हणतो परत मकाच पेरा आणि वरून परत ॲट्राझिन घ्या. तिघांची तीन तोंडं तीन दिशांना, पण एका गोष्टीवर तिघांचंही एकमत आहे: जुनं औषध पुरात धुऊन गेलं.

मला त्या एकमताचीच भीती वाटते.

आधी माझी ओळख, कारण सल्ला कोण देतोय हे माहीत असावं. मी २६ वर्षं नाशिक जिल्ह्यात तणनाशकं विकली. आता मुलीकडे मुलुंडला असतो. माझं घर या औषधांवर चाललं, तेव्हा मी त्यांचा शत्रू नाही. पण बाटली विकताना समोरच्याला "पुढचं पीक कोणतं घेणार?" हे विचारायचं असतं, ते मला बऱ्याच उशिरा समजलं. कसं समजलं तेही सांगणार आहे.

पहिलं काम औषधाचं नाहीच. रानात रोटर घालण्याआधी पंचनामा झालाय का ते बघा. एकदा रान उलटलं की तिथे मका होता हे दाखवायला तुमच्याकडे काही उरत नाही. अण्णांना सांगा, चारी बांधांवरून फोटो काढा, तलाठ्याला कळवा, विमा असेल तर त्यांनाही कळवा. एक-दोन दिवस गेले तरी चालतील. तसाही वाफसा, म्हणजे रानात काम करता येईल इतपत ओल, आलेला नसणार.

आता खालचा मका खरंच मेलाय का? पूर्ण बुडालेला मका, त्यात ऑगस्टची गरमी. चिखलातला प्राणवायू साधारण ४८ तासांत संपतो. ३ दिवस म्हणजे आशा फार कमी. तरी डोळ्यांनी ठरवू नका. दहा-बारा ठिकाणची ताटं उपटा आणि विळ्याने खोड उभं चिरा. खालून वर जाताना वाढीचा कोंब दिसतो. पांढरट आणि टणक असेल तर ताट जिवंत आहे. तपकिरी, मऊ, घाण वास येणारा असेल तर गेलं. वरून पिवळं पडलेलं ताट आतून जिवंत असू शकतं आणि वरून हिरवं दिसणारं आतून सडलेलं. पाणी उतरल्यावर ४-५ दिवसांत पोग्यातून (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतून) नवीन पान आलं नाही तर वाट बघण्यात अर्थ नाही.

वरच्या एकराचा निर्णय मोजून घ्या. ६० सेंटिमीटरच्या ओळी असतील तर एका ओळीत ६ मीटर ७५ सेंटिमीटर अंतर टेपने मोजा आणि तेवढ्यातली जिवंत ताटं मोजा. तो आकडा गुणिले १००० म्हणजे एकरी ताटं. २० सेंटिमीटरवर पेरलं असेल तर सगळी मिळून ३३ यायला हवीत. पाच-सहा ठिकाणी मोजा. सरासरी २२-२३ च्या वर असेल आणि ताटं सारखी पसरलेली असतील तर मी तो एकर मोडणार नाही. पुरात नत्र बरंच वाया जातं, तेव्हा वाफसा आल्यावर युरियाचा हप्ता द्या आणि सोडून द्या. तिथे आता तणनाशक मात्र घेऊ नका. ताटं गुडघ्याच्या वर गेलीत, त्यांची मुळं घुसमटलेली आहेत. मका एरवी जे औषध पचवतो ते या अवस्थेत त्याला जड जातं. आणि मधल्या रिकाम्या जागी बी टोचायच्या फंदात पडू नका. ४० दिवसांच्या ताटाच्या सावलीत आजचं रोप वाढत नाही, तुरा आणि कणीस एका वेळी येत नाहीत. नांग्या भरायच्या त्या पहिल्या आठ-दहा दिवसांत.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. पुराने औषध नेलं का?

ॲट्राझिन साखरेसारखं विरघळून जात नाही. पाण्यात ते थोडंच विरघळतं आणि मातीच्या कणांना, कुजलेल्या काडीकचऱ्याला मध्यम पकडीने धरून राहतं. शेतावरून वाहणाऱ्या पाण्याबरोबर त्यातलं जातं ते साधारणपणे मारलेल्याच्या काही टक्के, आणि तेही फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात. तुमच्याकडे फवारणी आणि पूर यांत महिना गेला. तोवर औषध मातीत मुरलं होतं, वरच्या काही इंचांत जिरलं होतं. वरून ३ दिवस संथ पाणी उभं राहिलं म्हणून ते उठून खाली नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यात जात नाही. जिथे धारेने माती खरवडून नेली असेल तिथे मातीबरोबर औषधही गेलं, हे खरं. त्यामुळे एकाच रानात एक पट्टा औषधमुक्त आणि शेजारचा भरलेला, असं होतं. पण गोदाकाठी बहुतेक ठिकाणी पाणी माती नेत नाही, आणून टाकतं. तुम्ही लिहिलंय की खालच्या कोपऱ्यात चार बोटं गाळ बसलाय. त्या ओळीवर मी अडकलो.

कारण माझी चूक तिथेच झाली होती. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला. सायखेडा, चांदोरी पाण्यात होती. त्यानंतर एका ओळखीच्या शेतकऱ्याने हाच प्रश्न विचारला. मका गेला होता, त्याला काकडी लावायची होती. मी फुशारक्या मारत म्हणालो, अंदाज कशाला, चाचणीच करू. त्याच्या रानातली माती आणली, दह्याच्या डब्यांत भरली, काकडीचं बी टाकलं. रोपं छान आली. मी म्हटलं, लावा. त्यानेही लावली. पहिले पंधरा दिवस रान बघत राहावं असं. तिसऱ्या आठवड्यात खालची पानं कडेने पिवळी पडायला लागली, मग कडा भाजल्यासारख्या वाळल्या, आणि महिन्याच्या आत अर्धं रान गेलं. मी डब्यांत जी माती भरली होती ती वरचा गाळ होता. नदीने आणलेला, कधीही तणनाशक न बघितलेला. जूनची फवारणी त्याच्याखाली चार बोटांवर शांत बसलेली होती. काकडीची मुळं तिथे पोहोचायला जेवढे दिवस लागले तेवढे दिवस पीक हसलं. त्या माणसाने मला एका शब्दाने काही म्हटलं नाही, हे जास्त लागलं.

म्हणून सांगतो, गाळाखालचं औषध हे गाडलेलं औषध असतं, गेलेलं नव्हे. आणि गाळाने आणखी एक उलटं काम केलंय. तुमचा ॲट्राझिनचा थर खाली गेला, वर नवी कोरी माती आली, आणि तिच्यात नदीकाठच्या सगळ्या तणांचं बी आहे: माठ, केना, कुर्डू, गाजरगवत, काय म्हणाल ते. म्हणजे पिकाच्या मुळाला जुन्या औषधाचा ताप आणि वरच्या तणाला त्याची काहीच अडचण नाही. दोन्हीकडून तुमचीच पंचाईत.

थोडा हिशोब मांडू. एकरी ८०० ग्रॅम, ५० टक्क्यांची पावडर, म्हणजे ४०० ग्रॅम सक्रिय घटक. ॲट्राझिन मातीत निम्मं व्हायला सरासरी ६० दिवस धरतात. हे सरासरी आहे. ऊबदार, ओलसर, सेंद्रिय अंश असलेल्या मातीत ते लवकर मोडतं, आणि जिथे वर्षानुवर्षं ॲट्राझिनच मारलंय तिथले जिवाणू ते आणखी झटपट खातात. पण तुमची जमीन काळी, सामू (पीएच) ८ च्या आसपास असणार. अशा जमिनीत ॲट्राझिनचं रासायनिक विघटन आम्लधर्मी मातीपेक्षा मंद असतं. पाणी साचून हवा बंद झालेले दिवसही त्याच्या पथ्यावर पडतात. सगळं धरून ६० च ठेवू. मग ८ ऑगस्टला, म्हणजे ४० दिवसांनी, अडीचशे ग्रॅमच्या आसपास शिल्लक. सप्टेंबरअखेर, रांगड्याच्या लागणीच्या वेळी, दीडशेच्या घरात. १ जानेवारीला, उन्हाळ कांद्याच्या वेळी, पन्नासेक ग्रॅम. हे आकडे तुमच्या रानाचे नाहीत, कागदावरचे आहेत. पण घसरण किती सावकाश आहे ते कळायला पुरेसे आहेत.

हे उरलेलं औषध कोणाला चालतं? मक्याला. मक्याच्या अंगात ॲट्राझिन निकामी करायची सोय आहे, म्हणून तर ते मक्यात मारतात. ज्वारीला आणि उसालाही चालतं. कांदा, टोमॅटो, काकडीवर्गीय वेल, पालेभाज्या, सोयाबीन, इतर कडधान्यं यांना चालत नाही. अमेरिकेत या औषधाच्या लेबलवर भाजीपाला पुढच्या वर्षीसुद्धा लावू नका असं छापलेलं असतं. आपल्याकडची जमीन, ऊन, पाऊस वेगळे, ते शब्दशः इथे लावायची गरज नाही. पण "दोन महिने झाले, आता काही होत नाही" असं सांगणाऱ्याने ते एकदा वाचावं.

शिवाय खालच्या २ एकरांत टेम्बोट्रियोन आहे, ते वेगळ्या घराण्याचं. ॲट्राझिनने खालची, जुनी पानं कडेने करपतात. टेम्बोट्रियोनने नवी पानं पांढरी पडतात, चुना लावल्यासारखी. त्याच्या अमेरिकी लेबलवर सोयाबीनसाठी ८ महिन्यांचं अंतर दिलंय. तुमच्या शेजाऱ्याचा सल्ला इथेच संपतो. आणि तसंही ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सोयाबीन पेरून मिळणार काय?

त्याच शेजाऱ्याला उलटा निरोप द्या: त्याच्या स्वतःच्या बुडालेल्या सोयाबीनमध्ये इमाझेथापायर मारलेलं असेल तर त्याने तिथे मका टाकू नये. तेही जमिनीत बरेच महिने राहतं आणि मक्याला सोसत नाही.

तर खालच्या २ एकरांत या हंगामात सुरक्षित पीक एकच, मका. ज्वारीचा चारा ॲट्राझिनवर चालला असता, पण टेम्बोट्रियोनमुळे मी तोही टाळेन. कुठला मका ते मात्र परिस्थितीवर आहे. दाण्याचा मका आता पेरला तर नोव्हेंबरअखेरीस निघेल, थंडीत दाणा सावकाश भरेल आणि रब्बीचं रान अडकेल. मी घेणार नाही. अण्णांकडे गाई असतील किंवा गावात मुरघास (हवाबंद साठवून आंबवलेला चारा) घेणारे असतील तर मुरघासाचा मका उत्तम; दाणा चिकात असताना कापायचा, रान ८०-८५ दिवसांत मोकळं. नुसता हिरवा चारा हवा असेल तर आफ्रिकन टॉल ही चाऱ्याच्या मक्याची जात, साधारण दोन महिन्यांत. आणि माल वाशीच्या मार्केटला पाठवायची कोणाची गाडी असेल तर स्वीट कॉर्नचा विचार करा. १०-१२ ऑगस्टला पेरलेला ऑक्टोबरअखेर तोडणीला येतो. मात्र एक लक्षात घ्या: स्टेशनाबाहेर पेल्यात भरून चांगल्या भावाने विकला जाणारा स्वीट कॉर्न दिसतो, त्यामागचा नाशवंत माल आणि पहाटेची गाडी दिसत नाही. ज्याला वाशीची ओळख नाही त्याने पहिल्यांदाच पुराच्या वर्षी तो प्रयोग करू नये. कोणताही मका घेतला तरी उशिराच्या पिकावर लष्करी अळी जास्त येते, पहिल्या आठवड्यापासून पोगे बघत राहावं लागेल. १५ ऑगस्टपर्यंत वाफसा आला नाही तर मी फक्त चाऱ्याचा विचार करेन. २० नंतर रान मोकळं ठेवून रब्बीची वाट बघेन.

पेरणीची मशागत. इथे लोक सवयीने नांगर घालतात. मक्यावर मका पेरायचा असेल तर खोल नांगरू नका. जुनं औषध मक्याला त्रास देणार नाही; उलट गाळ पातळ आहे तिथे ते अजून थोडंफार तण दाबेल. त्या थराला खोल गाडून आणि खालचं तणाचं बी वर आणून काय मिळवायचं? वाफसा आला की उथळ रोटर किंवा वखराची पाळी, बास. उद्देश दोनच: आत्ता उगवलेलं तण मारणं आणि जुन्या मक्याची वाचलेली ताटं संपवणं. ती वाचलेली ताटं सोडू नका. नव्या मक्यात जुनं ताट हे तणच असतं, आणि ते मारायला नंतर औषध नाही, कारण जे नव्याला चालतं ते जुन्यालाही चालतं. नुसतं वरून कापूनही भागत नाही, फुटवा येऊ शकतो; मुळासकट उखडा.

बुडालेला मका गाईंना घालू नका. चिखल, बुरशी आणि वर १८ जुलैची फवारणी. मुरघासाच्या खड्ड्यात तर मुळीच नाही.

आणि आता दुकानदाराचा सल्ला: परत ॲट्राझिन. माझं स्पष्ट मत नको असं आहे. औषधाच्या मात्रेचा हिशोब पिकाच्या नावावर नसतो, जमिनीच्या नावावर असतो. पीक मेलं म्हणून खातं शून्यावर येत नाही. मक्यात ॲट्राझिनची शिफारस हेक्टरी अर्धा ते १ किलो सक्रिय घटक, म्हणजे ५० टक्क्यांच्या पावडरीचं एकरी जास्तीत जास्त ८०० ग्रॅम. ते अण्णांनी २९ जूनला पूर्ण वापरलंय. परत ८०० मारलं तर मक्याला कदाचित काही होणार नाही, पण जानेवारीत उन्हाळ कांद्याच्या रोपाखाली आज धरलेल्या पन्नास ग्रॅमऐवजी सव्वाशेच्या आसपास शिल्लक असेल. दुकानदार त्या वेळी कांद्याची रोगाची औषधं देईल. शिवाय तुमची विहीर नदीकाठी आहे, गावचं प्यायचं पाणीही त्याच पट्ट्यातलं. भूजलात सापडतं म्हणून युरोपीय संघाने ॲट्राझिनची परवानगी २००४ साली काढून घेतली. आपल्याकडे ते चालू आहे. मी स्वतः ते विकलं आणि योग्य जागी आजही सुचवतो. पण एका पावसाळ्यात एकाच जमिनीवर दोनदा पूर्ण मात्रा, तीही नदीला लागून, हे मी कोणाला सांगणार नाही.

टेम्बोट्रियोनचंही तेच. खालच्या २ एकरांत ते एकदा झालंय, या हंगामात पुन्हा नको. टोप्रामेझोन दुसऱ्या नावाने येतं म्हणून वेगळं वाटतं, पण तण मारण्याची रीत तीच; एकावर एक थर देऊ नका. वरचा एकर मोडावा लागला तर तिथे टेम्बोट्रियोन झालेलं नाही, तेव्हा नव्या मक्यात पेरणीनंतर १५-२० दिवसांनी, तण २ ते ४ पानांवर असताना, टेम्बोट्रियोन किंवा टोप्रामेझोन यांपैकी एक घेता येईल, सोबत ॲट्राझिन न मिसळता. स्वीट कॉर्नच्या काही वाणांना टेम्बोट्रियोन सोसत नाही, तेव्हा आधी दोन ओळींवर मारून आठवडाभर बघा. पण त्या एकरात पुढे कांदा किंवा कडधान्य घ्यायचं ठरलेलं असेल तर तिथेही औषधाशिवायच भागवा.

२,४-डी चा विषय कोणी काढलाच तर तिथेच थांबवा. स्वस्त आहे, रुंद पानाचं तण मरतं, मक्यात चालतं, सगळं खरं. पण तुमचा तालुका द्राक्षाचा. द्राक्षवेलीला त्याचा नुसता वारा लागला तरी पानं वेडीवाकडी होतात. शेजाऱ्याच्या बागेचं नुकसान पुरापेक्षा जास्त वर्षं पुरतं.

मग खालच्या २ एकरांत तणाचं करायचं काय? कोळपणी, म्हणजे ओळींमधलं तण कोळप्याने खरवडणं. पहिली १५-१८ दिवसांनी, दुसरी महिन्याच्या आसपास. मका कमरेला आला की स्वतःच तण झाकतो. ओळीतलं मोठं तण हाताने. मजूर मिळत नाहीत हे मला ठाऊक आहे, पुरानंतर तर नाहीच. पण २ एकर म्हणजे सायकल कोळप्याने दोन माणसांचं काही दिवसांचं काम आहे. लव्हाळा जास्त असेल तर तो कोळपणीने हटणार नाही, नुसता पातळ होईल. त्याच्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिळतं, पण पुढे कांदा असेल तर तेही नको. मुरघासाच्या मक्यात थोडा लव्हाळा राहिला तर बिघडत नाही.

राहिला अण्णांचा कांदा. रोप वाया जाऊ नये ही त्यांची तगमग मी समजू शकतो. निफाडच्या माणसाला कांदा लावू नका सांगणं म्हणजे मुंबईकराला लोकल सोडून चालत जा म्हणण्यासारखं आहे. तरी रांगडा खालच्या २ एकरांत नको. तुम्ही बांधालगतच्या अर्ध्या एकराचा उल्लेख केलाय, जिथे उन्हाळ्यात टोमॅटो होता आणि मका पेरला नव्हता. रोप तिथे लावा. उरलं तर विका. पुरानंतर रोपाला मागणी असते.

उन्हाळ कांद्यासाठी मात्र खालच्या रानाची चाचणी घ्या, आणि ती तुम्ही भांडुपला बसून घेऊ शकता. अण्णांना सांगा, खालच्या रानात पाच-सहा ठिकाणांहून माती काढा. गाळ वेगळ्या पिशवीत. गाळाखालचा पहिला वीतभर थर वेगळ्या पिशवीत. आणि तिसरी पिशवी बांधावरची, त्याच जातीची काळी माती, जिथे कधी फवारा गेला नाही. तिसरी पिशवी विसरू नका. तिच्याशिवाय बाकीच्या दोन कशाशी ताडायच्या? नर्सरीतली लाल माती तिच्या जागी चालत नाही. कोणी पंचवटी एक्स्प्रेसने येत असेल तर निफाडला गाडीत बसवायचं, कल्याणला तुम्ही उतरवून घ्यायचं. तीन-चार किलोच्या तीन पिशव्या, नावं मार्करने लिहिलेली.

दह्याच्या प्लास्टिकच्या डब्या घ्या, तळाला भोकं पाडा. प्रत्येक मातीच्या चार डब्या. दोनांत कांद्याचं बी, दोनांत काकडीचं. काकडी यासाठी की ती लवकर उगवते आणि लवकर बोलते. पाणी बेताचं, साचलेल्या पाण्यानेही पानं पिवळी पडतात आणि मग औषध की पाणी ते कळत नाही. खरी अडचण मुंबईतल्या उजेडाची. ॲट्राझिन झाडाची अन्न बनवायची क्रिया बंद पाडतं, तेव्हा उजेडच नसेल तर त्याचं काम दिसत नाही. माझी एक चाचणी मुलुंडच्या मागच्या गॅलरीत, समोरच्या टॉवरच्या सावलीत वाया गेली. बांधाच्या मातीतली रोपंसुद्धा लांबडी आणि फिकट. खिडकीच्या ग्रिलमध्ये जिथे थेट आकाश दिसतं तिथे ठेवा, नाहीतर सोसायटीच्या गच्चीची किल्ली मागून घ्या. तीन आठवडे पूर्ण थांबा. उगवण चांगली झाली म्हणून दहाव्या दिवशी फोन करू नका. ॲट्राझिन उगवू देतं, नंतर मारतं. बघायचं ते हे: गाळाखालच्या मातीतली खालची पानं कडेने पिवळी-करडी होतात का, नवीन पान पांढरं येतं का, आणि बांधाच्या मातीतली रोपं तेव्हा कशी दिसतात.

आत्ताच्या चाचणीत रोपं करपली तर घाबरू नका, ती ऑगस्टची माती आहे. मका निघाल्यावर, नोव्हेंबरात, तीच चाचणी परत घ्या. तेव्हाही करपली तर त्या २ एकरांत उन्हाळ कांद्याऐवजी रब्बी मकाच घ्या. थोडीच खुरटली तर खोल नांगरट करा. इथे नांगर उपयोगाचा, कारण वरचा थर जास्त मातीत मिसळून पातळ होतो. ठीक राहिली तरी मी पहिल्या वर्षी सगळे २ एकर कांद्याखाली घालणार नाही. डबीत पास झालेलं रान शेतात नापास झालेलं मी पाहिलंय.

आज रात्री अण्णांना फोनवर सांगायचं ते एवढंच: पंचनाम्याआधी रोटर नाही, खोडं चिरून बघा, खालच्या रानात मका सोडून काही नाही, ॲट्राझिनचा पुडा आणू नका, कांद्याचं रोप बांधालगतच्या तुकड्यात. बाकीचं तुम्ही शनिवारी जाल तेव्हा बोला. जाताना टेप आणि मार्कर घेऊन जा.

आणि जूनमध्ये वापरलेले पुडे-बाटल्या अजून गोठ्यात पडलेल्या असतील, तर त्यांच्या दोन्ही बाजूंचे आणि आतल्या घडीच्या कागदाचे फोटो मला पाठवा. ॲट्राझिन म्हणून घेतलेलं कधीकधी दोन औषधांचं तयार मिश्रण निघतं. तसं असेल तर वर मी लिहिलेल्यातलं बरंच बदलेल.